कुराशिकीचे शिंगाडे

खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

ज्यानं सांगितलं त्याला एकदा नंदुरबारला घेऊन या. स्टेशनाकडून गावात शिरलं की पिंजाऱ्यांची गल्ली लागते. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा जुन्या गाद्यांचा कापूस पिंजत बसलेला असतो. दाढी पांढरी आहे की दाढीत कापूस अडकलाय, हे लांबून कळत नाही. गाव त्याला 'जपानी' म्हणतं. टांगेवाला असो की चहावाला, जाता जाता कुणीही हटकतो, "काय जपानी, जपानथून काय लई उना?" आणि उत्तर भलताच कुणीतरी देतो, "शिंगाडा!" मग हशा. म्हातारा पिंजणाच्या तातीवर दणका घालतो, मान वर करत नाही.

हसणाऱ्यांना वाटतं, माणूस समुद्रापार जाऊन आला, येताना ना घड्याळ आणलं ना रेशीम, आणले काय तर शिंगाडे. म्हणजे चळलेलाच असणार. ते शिंगाडे त्याला कुणी दिले, कशाबद्दल दिले, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. चेष्टा स्वस्त असते, चौकशीला बूड टेकावं लागतं.

म्हाताऱ्याचं नाव सलाउद्दीन. बाप पिंजारी, आजा पिंजारी. नंदुरबारात आगगाडी आली, गाडीमागून सरकी काढणारे जिन आले, गाठी दाबणारे प्रेस आले, आणि घरोघर पिंजण घेऊन फिरणारा हा माणूस शांतीलाल शेट या व्यापाऱ्याच्या भावाच्या प्रेसमध्ये रुई पारखायला लागला. शिक्षण म्हणाल तर अंगठा. पण तोच अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात रुईची एक बट धरून ओढली की सलाउद्दीन तिचं गाव सांगायचा. हमाल वाहरू मुद्दाम डोळे मिटायला लावायचा आणि हातावर बट ठेवायचा.

"सांग चाचा, कोठला?"

"रनाळाना. आनी सकायना येचेल नही, दुपारना शे. पाला भुगा व्हयेल शे त्याम्हा."

"आनी हाऊ?"

"प्रकाशाना. गाळनी जमीन. चाल, आते चहा पाज."

व्यापाऱ्यांत भांडण लागलं की निवाडा त्याच्या बोटावर यायचा. वजनदार शेट समोर असला तरी सलाउद्दीन ओली रुई ओली म्हणायचा, मिसळ असेल तर मिसळ म्हणायचा. कुणी डोळे वटारले की उजवा हात पुढे करायचा. "मन्हासंगे काय भांडस? याले इचार. मन्हा हात लबाड बोलत नही." त्या हाताचा त्याला माज होता. गरिबाकडे माज करण्यासारखं एवढं एकच असलं, की तो ते जिवापेक्षा जपतो.

एका गोष्टीकडे मात्र तो हात पाठ फिरवायचा. प्रेसमध्ये रुईचा ढीग दाबायला घेण्याआधी बायका मागच्या तळ्यातून घागरी भरून आणायच्या आणि गडी ओंजळीनं ढिगावर पाणी मारायचे. तोंडानं म्हणायचे, "कापूसले तीस लागनी." कापसाला तहान लागली! उन्हाळ्यात रुई फार कोरडी झाली की नीट दाबली जात नाही, थोडा शिडकावा लागतो, हे खरंच. पण शिडकाव्याची घागर झाली, घागरीच्या दहा घागरी झाल्या, आणि पाणी रुईच्या भावानं विकलं जाऊ लागलं. सगळेच जिन करत होते. सलाउद्दीन पाणी मारायच्या आधी रुई पारखायचा आणि पाणी मारायच्या वेळी बिडी ओढायला बाहेर जायचा. दाबलेल्या गाठीला हात लावायचं काम त्याचं नव्हतं. त्याचा हात खोटं बोलत नव्हता, कारण त्या वेळी तो हात तिथे नसायचाच. आपल्यातल्या पुष्कळ इमानदारांची इमानदारी अशीच बाहेर बिडी ओढत असते.

शांतीलाल शेट हा ब्राह्मणपुरीकडच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. घरी केळी, ऊस, कापूस. पण याला नांगरापेक्षा तराजू आवडला. भावाला नंदुरबारचा प्रेस सांभाळायला बसवून तो मुंबईला गेला आणि तिथून जपानात कोबे बंदरात जाऊन पेढी मांडून बसला. आपली रुई जपानला जायची ते दिवस होते. मोराचा छाप मारलेली गाठ नंदुरबारहून सुटायची ती थेट जपानी गिरणीत फुटायची. पुढे गिरण्यांच्या तक्रारी यायला लागल्या, तेव्हा शेटला सलाउद्दीनच्या हाताची आठवण झाली. पारखी म्हणून त्याला कोब्याला बोलावून घेतलं.

तिथे त्याचे दिवस बरे गेले. थंडी सोडली तर तक्रार नव्हती. नमाजाला नवी मशीद झाली होती, खायला मासा-भात होता. मग मुंबईहून बोटीनं आलेल्या एका खलाशानं बायकोचा, बिस्मिल्लाचा, निरोप तोंडी आणला. मुलीचं, रजियाचं, लग्न जमलं होतं. बिस्मिल्लानं म्हणून पाठवलं होतं, "आंडेरना लगीनमा बाप नही व्हयी, तर लोके माले इचारतीन, त्याले इचारावं नही."

सलाउद्दीन शेटपुढे जाऊन उभा राहिला. शेट म्हणाला, "जाय ना भाऊ, कोन रोखस तुले? फक्त कुराशिकीना झगडा मिटाड. दुसरेच दिवशी तुले बोटमा बसाडस."

कुराशिकी हे गाव कोब्यापासून पश्चिमेला, सकाळच्या गाडीनं निघालं तर काम आटोपून रात्रीच्या आत परत येता येईल एवढं. तिथल्या एका गिरणीनं मोराच्या गाठी वसंतात घेतल्या होत्या, वखारीत ठेवल्या होत्या आणि आता उघडल्यावर त्या आतून कुजलेल्या निघत होत्या.

गाडीत बसल्यावर सलाउद्दीन लहान मुलासारखा खिडकीला लागला. डावीकडे समुद्र गाडीबरोबर धावत होता, मध्येच एखाद्या टेकडीआड लपायचा आणि पुन्हा डोकवायचा. उजवीकडे एका गावात पांढराशुभ्र किल्ला दिसला. भातं कापणीला आली होती. समोरच्या बाकावर एक आजीबाई चपला काढून, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. शेटनं बाजरीच्या ढेबऱ्यांचा डबा उघडल्यावर त्यांनी कुतूहलानं वाकून पाहिलं. शेटनं त्यांना एक ढेबरं दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, चावलं, आणि मेथीच्या कडवटपणानं त्यांचे डोळे विस्फारले. शेट आणि सलाउद्दीन पोट धरून हसले. आजीही तोंडावर हात ठेवून हसल्या. सबंध दिवसातलं निर्मळ हसू तेवढंच.

"आते ध्यान दे," शेट म्हणाला. "मी बोलसू, तू फक्त हात घालजो. त्या इचारतीन, तू मान हालावजो. गाठ आपली नही म्हनानं, नही ते मंग दर्यानं पानी. समजनं?"

"गाठ आपली व्हयी तर?"

"तर दर्यानं पानी."

"आनी दर्यानं नही व्हयी तर?"

शेटनं ढेबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "तर मंग रजियानं लगीन तिन्ही माय करी लेई."

स्टेशनापासून थोडं चालल्यावर कालवा लागला. सलाउद्दीन थबकला. दोन्ही काठांना पांढऱ्या भिंतींच्या वखारी, भिंतींच्या खालच्या अंगाला काळ्या फरशा आणि त्यांच्या सांध्यांवर चुन्याचे गुबगुबीत पट्टे. पाण्यावर वाकलेली झाडं, केस धुवायला बसलेल्या बायकांसारखी. दगडी पूल. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या पाहून त्याला तापीवरचा प्रकाशाचा घाट आठवला. फरक एवढाच की इथे घंटा नव्हती, आरडाओरड नव्हती, चपट्या नावेतून गडी पोती उतरवत होते तेही जणू कुणी शेजारी झोपलंय अशा बेतानं. पूर्वीपासून या पाण्यातूनच कापूस यायचा आणि जायचा, शेटनं सांगितलं. वखारीच्या कडेच्या एका चरात पाण्यावर हिरव्या पानांच्या चकत्या पसरल्या होत्या. सलाउद्दीननं ओळखल्या आणि ओरडला, "सेठ! शिंगाडा!"

"व्हई रे," शेट म्हणाला. "आठेबी खातस. त्याले हिशी म्हंतस. चाल."

आपल्या जिनामागच्या तळ्यात भोई लोक लावतात तोच वेल, इतक्या लांब. सलाउद्दीनला वाटलं, गाव ओळखीचं निघालं.

वखारीच्या दाराशी गिरणीचा मॅनेजर उभा होता, कोट-टोपीतला, घाईतला. त्याच्या मागे वखारीचा राखणदार, मिझोते. ठेंगणा म्हातारा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो चालला की किल्ल्या वाजायच्या, आणि तो वाकला, नि तो सारखा वाकत होता, की त्या एकदम खळखळायच्या. आत शिरताना त्यानं पादत्राणं काढायला लावली. आतली लाकडी जमीन देवघरासारखी पुसलेली. गाठी फळ्यांवर रचलेल्या, जमिनीला टेकलेल्या नाहीत, भिंतीला चिकटलेल्या नाहीत. दोन गाठींमधून हवा खेळेल एवढी जागा. सलाउद्दीननं जाता जाता भिंतीला पंजा लावून पाहिला, फळीखाली बोटं घातली. कोरडं. ठणठणीत कोरडं. आपल्या हाताला हे जे कळलं ते आपल्याला कळायला नको होतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मोराची गाठ मधोमध आणून ठेवली. मिझोतेनं लोखंडी पट्ट्या कापल्या. दाबलेली रुई सुस्कारा टाकून फुलली. वरचे थर पांढरे, कोरडे. सलाउद्दीननं बाही सारली आणि हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. आत गरम होतं, चिकट होतं, आणि तो वास आला. ओल्या रुईचा, तळ्याच्या गाळाचा, प्रेसच्या मागच्या दाराचा वास. कालव्याचं पाणी शिरलं असतं तर गाठ बाहेरून कुजली असती. ही आतून कुजली होती. पाणी पोटात घेऊनच ती जन्माला आली होती.

तेवढ्यात बोटाला काहीतरी कचकन टोचलं. त्यानं ते मुठीत धरलं आणि हात बाहेर काढला. बघायची गरज नव्हती. दोन शिंगांचं, वाळलेलं टरफल. प्रेसवर पाणी भरणाऱ्या कुणा बाईच्या घागरीतून आलेलं. मूठ कोटाच्या खिशाकडे चाललीच होती.

पण बोटातून रक्त निघालं होतं. मिझोतेनं ते पाहिलं. पाहुण्याला आपल्या वखारीत जखम झाली! म्हातारा किल्ल्या खळखळवत धावला, पाण्याचं तसराळं आणि स्वच्छ फडकं घेऊन आला, गुडघे टेकून बसला आणि सलाउद्दीनचा हात हातात घेऊन, आई मुलाची मूठ सोडवते तशी, एकेक बोट हळूच उघडू लागला.

टरफल लाकडी जमिनीवर पडलं. टक्.

आता कळलं यांना, सलाउद्दीनला वाटलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

मॅनेजरनं टरफल उचललं, उजेडात धरलं.

"हिशी," तो म्हणाला. मग दाराबाहेरच्या चराकडे बघितलं. मग मिझोतेकडे.

शांतीलाल शेट व्यापारी कशाला म्हणवायचा? वारा फिरला हे त्याला पानाआधी कळायचं. त्यानं तोंडावर काळजी आणली आणि जपानीत काहीबाही बोलायला लागला, हातानं पाणी चढल्याची खूण करत. मॅनेजर मिझोतेला दरडावून काही विचारत होता.

"सेठ," सलाउद्दीन पुटपुटला, "हाऊ शिंगाडा आपला शे. गाठना पार मझारथून निंघना. वखार कोरडी ठण शे. त्यासले सांगा."

शेट हसतमुखानं, जणू हवापाण्याचं बोलतोय अशा आवाजात म्हणाला, "रजियानं लगीन देखनं शे ना? मंग उगा ऱ्हाय. तुले मी कोठे लबाड बोलाले सांगी ऱ्हायनू? मान हालावानी बी गरज नही."

टरफल गाठीत किती खोल सापडलं, हे एकट्या त्या हाताला माहीत होतं. बाकीच्यांनी फक्त मूठ बाहेर येताना पाहिली होती. जपानी भाषा सलाउद्दीनला येत नव्हती, पण गाठीच्या पोटावर बोट ठेवून, बाहेरच्या चराकडे हात करून 'नाही' म्हणायला कुठली भाषा लागते? मुक्यालाही जमलं असतं.

तो मुक्यापेक्षा मुका उभा राहिला.

मिझोते बोलायला लागला, थांबत, आठवत. शेट खुशीत येऊन कानाशी सांगत होता, "देख, काय म्हंस तो! पावसायामा ताप यीसनी घरमा पडेल व्हता. म्हंस, तवय पानी चढनं व्हयी. माले समजनं नही, म्हंस. चूक मन्ही शे, म्हंस. अरे, त्यानाच तोंडथून!"

हे सलाउद्दीनला सहन झालं नाही, आणि तरीही त्यानं ते सहन केलं. म्हातारा भांडला असता, ओरडला असता, 'खोटारडे आहात तुम्ही' म्हणून अंगावर आला असता, तर सलाउद्दीनलाही राग आला असता आणि रागात माणूस बरंच काही पचवतो. पण म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला होता. स्वतःच्या आजारपणात त्यानं स्वतःच एक भोक शोधलं आणि त्यातून आमच्या तळ्याचं पाणी आपल्या वखारीत शिरू दिलं. खोटं ठोकून बसवावं लागतं असं नाही. माणूस सज्जन असला की तो स्वतः सरकून त्याला जागा करून देतो.

मिझोतेनं कपाळ जमिनीला टेकवलं, मॅनेजरपुढे नव्हे, सलाउद्दीनपुढे. मग कमरेचा जुडगा सोडला आणि दोन्ही हातांवर ठेवून मॅनेजरला दिला.

सलाउद्दीनच्या बोटाला त्यानंच बांधलेलं फडकं होतं.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. फलाटावर शेटनं उरलेली ढेबरी खाल्ली, सलाउद्दीननं खाल्ली नाहीत. गाडी येऊन उभी राहिली, दोघं चढले, आणि फलाटाच्या टोकाकडून एक ठेंगणा माणूस धावत येताना दिसला. धावत होता तरी काही वाजत नव्हतं. म्हणून सलाउद्दीनला तो आधी ओळखूच आला नाही.

मिझोतेनं खिडकीतून एक कापडी गाठोडं आत दिलं. गाठोडं गरम होतं. वर बघून काही बोलला, धापा टाकत.

"काय म्हंस तो?"

"म्हंस, तुम्ही इतल्या दूरथून मन्ही चूकमुये उनात, हातले लागनं. बायकोनी शिंगाडा उकाडी दिनात, गाडीमा खाज्यात, म्हंस." शेट जरा खाकरला. त्यालाही कुठेतरी लागलं असावं. शेट झाला तरी आईच्या पोटचाच.

सलाउद्दीननं शेटचं मनगट धरलं. "सांग त्याले. आते सांग. गाडी सुटाना आधी सांग, की पानी आमनं व्हतं."

शेट खिडकीतून वाकला, जपानीत लांबलचक काही बोलला. मिझोतेचा चेहरा उजळला. तो हसला, वाकला, पुन्हा हसला.

"काय सांगं तू?"

"सांगं, की तुले शिंगाडा भलता आवडतस."

गाडी हलली. अजूनही वेळ होता. डोकं हलवायचं होतं, आडवं. सलाउद्दीननं डोकं हलवलं. पण समोरचा म्हातारा इतका वाकला होता की पाहणाऱ्याची मान आपोआप वाकावी. याचीही वाकली, उभी. फलाट संपेपर्यंत दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत होते, एक आपली नसलेली चूक कबूल करत आणि दुसरा ती मंजूर करत.

गाठोडं त्यानं मांडीवर ठेवलं. शेटनं एक सोलून दिला. तोंडात घातला. पिठूळ, किंचित गोड, नंदुरबारच्या बाजारात पाटीतून मिळतो तोच. थुंकायची लाज वाटली, म्हणून त्यानं तो गिळला.

शेट शब्दाचा पक्का निघाला. पुढच्या बोटीत बसवलंच. रजियाचं लग्न झालं, बापानं पंगतीत वाढलं. लग्नाचे पाहुणे पांगल्यावर सगळी गल्ली त्याच्या पेटीभोवती जमली. जपानहून माणूस आला होता, काही तरी आणलं असणारच. बिस्मिल्लानं पेटी उपसली. कपडे, टोपी, आणि तळाशी एका परदेशी कापडात बांधलेले, वाळून काळे पडलेले शिंगाडे.

वाहरू आधी हसला. "अय चाचा! जपान जाईसन शिंगाडा? आपला तळामा काय दुष्काळ पडेल व्हता?"

गल्ली लोळली हसून. त्या दिवसापासून तो 'जपानी'.

बिस्मिल्ला तेवढी हसली नाही. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. सगळे गेल्यावर, भर दुपारी, मागच्या ओट्यावर तिनं विचारलं, "ओ रजियाना अब्बा, कोना शेतस ह्या?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, टरफल पडलं तो आवाजसुद्धा. ती ज्वारी निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"मोरनी गाठ?"

"मोरनी."

"मांगला हंगामनी?"

"हं."

"ते पानी मी भरेल शे." तिचा आवाज अगदी साधा होता. "तू तठे गया, मंग मी प्रेसमा पानी भराले लागनू. शिंगाडाना टरफल घागरमा येतस ना, काढाना कटाळा येस. मी म्हनू, ऱ्हाऊ दे, कोन देखस?"

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग तिनं विचारलं, "नाव काय त्यानं?"

"मिझोते."

"मि-जो-ते," तिनं जिभेवर घोळवलं. "लेकरं शेतस का त्याले?"

"इचारं नही."

"तू काहीच इचारं नही, काहीच सांगं नही," बिस्मिल्ला म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

हंगाम लागला, सलाउद्दीन पुन्हा शेटच्या भावाच्या प्रेसमध्ये पारखायला लागला. पहिला ढीग पडला, मुकादमानं नेहमीची हाळी दिली, "कापूसले तीस लागनी!" बायका तळ्यावर गेल्या. बिस्मिल्लानं घागर भरली, ढिगापर्यंत आणली आणि सगळ्यांसमोर ती जमिनीवर ओतली. "धरतीले तीस लागनी," म्हणाली. मुकादमानं तिला हाकललं. तो घाण घाण शिव्या देतो आहे, हे बाहेर बिडी ओढणाऱ्या सलाउद्दीननं ऐकलं.

तो आत आला. बिडी टाकली. चढला आणि रुईच्या ढिगावर मधोमध मांडी घालून बसला.

"मार आते पानी," तो म्हणाला.

गडी बावरले. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी ओरडलं, "जपानीले तीस लागनी!" आणि घागरी त्याच्या डोक्यावर रिकाम्या व्हायला लागल्या. तो हलला नाही. दाढीतून पाणी गळत होतं, डोक्यावर शेवाळ चिकटलं होतं. आपण कशासाठी बसलोय हे त्यानं तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यानं, पण सगळे इतके हसत होते की शब्द फुटेना. त्याला वखारीतली ती लाकडी जमीन दिसत होती. संध्याकाळी शेटच्या भावानं दोघा नवरा-बायकोला प्रेसचं दार बंद केलं. ओली गाठ त्या दिवशीही बांधली गेली, मोराच्या छापाची. एक म्हातारा भिजल्यानं जिनांचा धंदा बदलत नाही.

शांतीलाल शेट पुढे एकदा गावी आला, तेव्हा सलाउद्दीन स्टेशनावरच त्याला आडवा गेला. "सेठ, तठे गया की त्याले सांगज्या." शेट म्हणाला, "येडा शे का तू? तो कवयच इसरी गया व्हयी." मग लढाई लागली. बोटी बंद झाल्या, कोब्याची पेढी बुडाली. जपानवर कुठे कुठे आग पडली, याच्या बातम्या यायच्या. त्यांत त्या कालव्याच्या गावाचं नाव कधी आलं नाही, आणि बातमी वाचून दाखवणाऱ्याला सलाउद्दीन दर वेळी पुन्हा एकदा वाचायला लावायचा.

आता तो पिंजतो. गाद्या, उशा, रजया. पारख विचाराल तर सांगत नाही. कुणी बट पुढे केली की म्हणतो, "माले नको इचार. हाऊ हात लबाड शे." लोकांना वाटतं म्हाताऱ्याला चळ लागला.

तर मागणं एवढंच आहे. तुमच्यापैकी कुणी व्यापाराला, शिकायला, कशालाही कधी तिकडे गेलात, तर कोब्याहून पश्चिमेची सकाळची गाडी धरा. डावीकडे समुद्र ठेवा. कुराशिकीला उतरा, कालव्याच्या काठानं पांढऱ्या वखारींपर्यंत चालत जा आणि मिझोते राखणदाराला विचारा. तो नसेल तर त्याची बायको, लेकरं, कुणी असेल ते शोधा. कुणीच सापडलं नाही, तर पाण्यात उतरणाऱ्या त्या पायऱ्यांवर उभे राहा. पण मान वाकवून गप्प परत येऊ नका. तोंड उघडा आणि मोठ्यानं सांगा, की पाणी आमचं होतं.